राणीच्या कळा आणि मांगवाड्यातल्या कळा

७ एप्रिल १८५३. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरिया आठव्यांदा बाळंत होत होती. डॉ. जॉन स्नो रुमालावर क्लोरोफॉर्मचे मोजके थेंब टाकत आणि कळ आली की तो रुमाल तिच्या नाकाशी धरत. असे ५३ मिनिटे चालले. राणी बेशुद्ध नव्हती, पण कळांची धार बोथट झाली होती. राजपुत्र लिओपोल्डचा जन्म झाला आणि राणी या औषधावर इतकी खूश झाली की १८५७ साली नवव्या बाळंतपणातही तिने तेच मागून घेतले.

या घटनेला दोन वर्षे होण्याआधीच, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, अवघ्या चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांचे दुःख सांगताना ती बाळंतपणावर येते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडी-वारा-पावसात त्यांचे काय हाल होत असतील ते तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा, असे ती वाचकांना सुनावते. एवढ्यावर ती थांबत नाही. बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसे कुठून आणायचे, आणि तुमच्यातल्या कोणत्या प्रतिष्ठित वैद्याने आजवर फुकट औषध दिले, असाही तिचा रोखठोक प्रश्न आहे.

एकीकडे राजवाडा, दुसरीकडे मांगवाडा. दोन्हीकडे बाईचे शरीर तेच, गर्भाशय तेच, कळाही त्याच. एकीच्या कळांसाठी त्या काळातला सर्वात निष्णात भूलतज्ज्ञ हजर होता आणि दुसरीच्या डोक्यावर छप्परही नव्हते. या दोन तारखा आम्ही शेजारी शेजारी ठेवतो, कारण बाळंतपणातल्या वेदनाशमनाचा इतिहास आपल्याला नेहमी शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमक्या डॉक्टरने अमके औषध शोधले आणि बायकांची सुटका झाली, असा. आमचे म्हणणे वेगळे आहे. औषध सापडणे ही अर्धीच गोष्ट असते. ते कुणाला मिळणार, हे कुणाची वेदना खरी मानली जाते यावर ठरते. आणि ज्यांची वेदना खरी मानली गेली नाही त्यांना संघटित होऊन मागितल्याशिवाय काही मिळालेले नाही.

'दुःखाने प्रसवशील'

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते हे जाहीरपणे दाखवून दिले. पुढच्या तीन महिन्यांत, जानेवारी १८४७ मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबराचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात ईथर वापरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लोरोफॉर्म.

लगेच वाद सुरू झाला. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वेला शाप आहे की तू दुःखाने मुले प्रसवशील. देवानेच दिलेले दुःख डॉक्टरने काढून घ्यायचे कसे? सिम्प्सन यांनी डिसेंबर १८४७ मध्ये या धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिकाच काढली. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वेदना असा नसून कष्ट, श्रम असा आहे, हा त्यांचा एक युक्तिवाद. दुसरा अधिक मजेशीर होता. आदमची बरगडी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोप आणली, म्हणजे पहिली भूल देवानेच दिली!

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चर्चने भुलीवर बंदी घातली होती असे अनेकदा लिहिले जाते. तसा कोणताही अधिकृत बंदीहुकूम नव्हता. आक्षेप होते, पण त्याहून चिवट विरोध डॉक्टरांचाच होता. फिलाडेल्फियाचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांचे म्हणणे होते की कळा नैसर्गिक आहेत, उपयोगी आहेत, त्यांत ढवळाढवळ नको. राणीने क्लोरोफॉर्म घेतल्याची बातमी फुटली तेव्हा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानेही नाराजी व्यक्त केली. क्लोरोफॉर्म धोकादायक होते यात खोटे काही नाही. जानेवारी १८४८ मध्येच हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी नखाच्या साध्या शस्त्रक्रियेत त्याने दगावली होती. पण पुरुषाचा पाय कापताना भूल देण्यावर इतका तात्त्विक काथ्याकूट कुणी केला नाही. धर्म म्हणाला शाप आहे, विज्ञान म्हणाले निसर्ग आहे. शब्द वेगळे, निकाल एकच, बाईने सोसावे.

आपल्याकडे हाच निकाल तिसऱ्या शब्दात दिला जातो, नशीब. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते आणि मागच्या जन्मीचे कर्म भोगावे लागते, हे ऐकत आपल्या आज्या-पणज्या बाळंत झाल्या. शाप, निसर्ग आणि कर्म या तिन्ही सबबींचा फायदा एकच. कुणावरही जबाबदारी येत नाही.

कुणाला दुखते आणि कुणाला दुखत नाही

एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेत एक समज सर्रास होता. सुसंस्कृत, सुशिक्षित, नाजूक बायकांना कळा जास्त होतात. कष्टकरी, काळ्या, 'रानटी' बायका मात्र जनावरांसारख्या सहज बाळंत होतात. म्हणजे वेदनेचीही वर्णव्यवस्था. वरच्या पायरीवर संवेदना, खालच्या पायरीवर चामडी.

या समजाचे टोक पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले माँटगोमेरी शहर पाहा. १८४५ ते १८४९ या काळात डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांनी तेथे गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. बाळ बराच वेळ अडून राहिले की मूत्राशय आणि योनीमार्गाच्या मध्ये भोक पडते आणि लघवी सतत गळत राहते, त्यावरचा हा उपाय होता. त्यांतल्या तिघींचीच नावे इतिहासाला माहीत आहेत, अनार्का, बेट्सी आणि लुसी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. भूल न देता. सिम्स यांनी सुरुवात केली तेव्हा ईथर जाहीर झाले नव्हते हे खरे. पण १८४९ मध्ये ते यशस्वी झाले तेव्हा ईथर माहीत होऊन दोन वर्षे उलटून गेली होती. गुलाम बाईच्या संमतीला अर्थ नव्हता, कारण तिचे शरीरच मालकाचे होते. या सिम्स यांना 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक' म्हणून गौरवले गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ उभा असलेला त्यांचा पुतळा काळ्या कार्यकर्त्यांच्या दीर्घ लढ्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये हलवण्यात आला.

हे जुने झाले असे कुणी म्हणेल. २०१६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आणि निवासी डॉक्टरांचा अभ्यास झाला. काळ्या माणसांची त्वचा जाड असते, अशांसारख्या खोट्या समजुतींपैकी किमान एक तरी सुमारे निम्म्यांना खरी वाटत होती. ज्यांना त्या खऱ्या वाटत होत्या त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचारही कमी अचूक सुचवले. पुतळा हलला, पण डोक्यातला समज हलायला वेळ लागतो.

आता आपल्याकडे या. "पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या, विळ्याने नाळ कापायच्या, पोर पाटीत घालायच्या आणि पुन्हा खुरपायला लागायच्या. आताच्या पोरी नाजूक." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते कौतुकासारखे वाटते. पण विचार करा, शेतात बाळंत होणारी ती बाई कोण होती? जमीनमालकाची सून माजघरात बाळंत व्हायची. शेतात बाळंत व्हायची ती मजूर बाई, कारण त्या दिवशीची मजुरी बुडाली तर चूल पेटणार नव्हती. जी गोष्ट तिच्यावर लादली गेली तिचेच आपण तिच्या ताकदीचे प्रमाणपत्र करून टाकले. आणि शेतात, झोपडीत, रस्त्याच्या कडेला ज्या मेल्या त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरले नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमचं'मध्ये महारवाड्यातली बाळंतपणे आणि बाळंतिणीची उपासमार लिहून ठेवली आहे. ती पाने वाचल्यावर शेतातल्या बाळंतपणाचे कौतुक करायला तोंड उघडणार नाही.

इंग्रज डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली 'नैसर्गिक बाळंतपणा'चा विचार मांडला. भीतीने शरीर आखडते आणि आखडल्याने वेदना वाढतात, हे त्यांचे म्हणणे उपयोगाचे ठरले, आजही ठरते. पण त्याच विचारात 'आदिम' बायका सहज बाळंत होतात हा जुना समज मागच्या दाराने आत आला. आजचे महागडे 'नॅचरल बर्थ' वर्ग कधीकधी तीच भाषा बोलतात. ज्या बाईला सगळे पर्याय उपलब्ध आहेत तिने औषध नाकारणे हा तिचा हक्क आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो. ज्या बाईला कोणताच पर्याय दिला गेला नाही तिच्या सोसण्याला मात्र 'नैसर्गिक' म्हणणे ही फसवणूक आहे.

ज्या हातांनी बाळ काढले त्या हातांचा विटाळ

ज्ञान या देशापर्यंत पोहोचले नव्हते, असेही म्हणता येत नाही. १८४८ मध्येच कोलकात्यात क्लोरोफॉर्म वापरले जात होते. १८८८-८९ मध्ये हैदराबादेत निजामाच्या पैशाने क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे दोन आयोग बसले. तेथेच रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी भूल देण्याचे काम करत होती. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये तिचे नाव घेतले जाते. म्हणजे दख्खनच्या पठारावर भूल होती, ती देणारी बाईसुद्धा होती. ती वेशीबाहेर आली नाही, इतकेच.

वेशीबाहेरच्या बायका मात्र वेशीच्या आत जात होत्या. बाळंतपण म्हणजे सोयर, विटाळ. रक्त, वार, नाळ यांना हात कोण लावणार? महाराष्ट्रात अनेक गावांत मातंग स्त्री सुईण होती, उत्तर भारतात चर्मकार समाजातली दाई, तमिळ प्रदेशात न्हावी समाजातली. सवर्णांच्या घरातले बाळ ज्या हातांनी जगात आणले, त्याच हातांना बाराव्या दिवशी त्या घरात शिवाशीव होती. या स्त्रियांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते. शेक, कंबर चोळणे, बाईला उकिडवे बसवणे, धीर देणे. त्यांच्या पद्धतींत घातक गोष्टीही होत्या, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांना शिकवावे, त्यांच्या ज्ञानात भर घालावी, त्यांना मान आणि मोबदला द्यावा, असे व्यवस्थेला फारसे वाटले नाही. पुढे बाळंतिणी मरतात याचे खापरही 'घाणेरड्या दाई'वरच फुटले. १९२७ साली कॅथरिन मेयो यांनी 'मदर इंडिया'त दाईचे भयानक चित्र रंगवले. त्या पुस्तकावर तुटून पडलेल्या आपल्या पुढाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारले असेल की दाईला या अवस्थेत ठेवले कुणी?

अपवाद आहेत आणि ते आपले आहेत. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन गुपचूप, सुरक्षित बाळंत व्हावे, असे आवाहन केले. सावित्रीबाईंनी स्वतः त्या बायकांची बाळंतपणे केली. तेथे क्लोरोफॉर्म नव्हते. पण आलेल्या बाईला कुणी जात विचारली नाही, चारित्र्य विचारले नाही, ओरडली म्हणून झापले नाही. बाळंत होणाऱ्या बाईशी सन्मानाने वागणे हे वेदनाशमनाचे पहिले औषध आहे हे आजचे शास्त्र सांगते. ते सावित्रीमाईने १८६३ मध्ये करून दाखवले.

१८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, बायकांसाठी दवाखाने निघाले, पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर तयार झाल्या. हे काम मोठेच होते. पण या फंडाच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने पडद्यातली, उच्चकुलीन बाई होती. छप्पर नसलेल्या बाळंतिणीचा मुक्ताने विचारलेला प्रश्न तसाच राहिला.

कष्टकरी बायकांनी मागितले तेव्हा

आता दुसरी बाजू बघू. विसाव्या शतकात जेथे जेथे वेदनाशमन सामान्य बायकांपर्यंत पोहोचले, तेथे त्यामागे कुणीतरी मागणी लावून धरली होती.

१९०६ च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन आणि स्कोपोलामाइन देऊन 'संधिप्रकाशाची झोप' आणण्याची पद्धत विकसित झाली. १९१४-१५ मध्ये अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय बायकांनी ती आपल्याला मिळावी म्हणून संघटना काढली, सभा घेतल्या. ही पद्धत सदोष होती. बाई ओरडायची, तडफडायची, तिला बांधूनही ठेवले जाई. शुद्धीवर आल्यावर तिला आठवत नसे, इतकेच. वेदना नाहीशी झाली नव्हती, आठवण पुसली गेली होती. तरी बायकांनी एकत्र येऊन 'आम्हाला सोसायचे नाही' असे जाहीरपणे म्हणणे ही नवी गोष्ट होती.

१९१५ मध्येच इंग्लंडमधल्या विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्डने कामगार आयांची पत्रे पुस्तकरूपाने छापली. मजुरी करत काढलेले नऊ महिने, अडलेली बाळंतपणे, मेलेली मुले, हे सगळे त्यांच्याच शब्दांत जगासमोर आले. मुक्ता साळवेने साठ वर्षे आधी एकटीने केले तेच हे काम होते. १९३३ मध्ये लिव्हरपूलचे डॉक्टर रॉबर्ट मिनिट यांनी नायट्रस ऑक्साइड आणि हवा यांचे मिश्रण देणारे, उचलून नेता येईल असे यंत्र बनवले. बाईने मुखवटा स्वतःच्या हाताने धरायचा, कळ येऊ लागली की श्वास घ्यायचा. १९३६ मध्ये प्रशिक्षित सुईणींना हे यंत्र डॉक्टरशिवाय वापरण्याची परवानगी मिळाली. हा निर्णय आम्हाला शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण गरीब घरात डॉक्टर येत नव्हता, सुईण येत होती. औषध सुईणीच्या हातात दिले तेव्हा ते गरिबाच्या घरात शिरले. पुढे या वायूत हवेऐवजी निम्मा ऑक्सिजन मिसळला जाऊ लागला. आज ब्रिटनच्या सरकारी प्रसूतिगृहांत तो नित्याचा आहे.

फ्रान्समध्ये डॉ. फर्नांड लमाझ यांनी सोव्हिएत रशियात पाहिलेली पद्धत १९५२ पासून पॅरिसमध्ये रुजवली. शरीरात काय घडते हे बाईला आधी समजावून सांगणे, श्वासाचा सराव आणि जवळ आधाराला माणूस, हा तिचा गाभा. हे सुरू कुठे झाले? धातुकामगारांच्या युनियनने चालवलेल्या दवाखान्यात. आज ज्या नावाने श्रीमंत वस्त्यांत वर्ग चालतात ती पद्धत एका कामगार संघटनेच्या दवाखान्यातून आलेली आहे, हे आपल्या युनियनवाल्यांनीही लक्षात ठेवावे.

एपिड्युरलचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याचा. १९२१ मध्ये स्पेनचे फिदेल पाहेस, १९३१ मध्ये रोमानियाचे युजेन आबुरेल, १९४२ मध्ये अमेरिकेतले हिंगसन आणि एडवर्ड्स यांच्या कामातून ही पद्धत घडली. कमरेतून मणक्यांच्या मधल्या जागेत बारीक नळी घालून औषध सोडतात. वेदना नेणाऱ्या नसा बधिर होतात, बाई जागी राहते, बाळाचा पहिला आवाज ऐकते. आणि ज्या शापापासून वाद सुरू झाला होता, त्याबद्दल खुद्द पोप बारावे पायस यांनी १९५६ मध्ये सांगितले की वेदनारहित बाळंतपण धर्माविरुद्ध नाही. शंभर वर्षांनी धर्मपीठ तेथे आले, जेथे राणी पहिल्याच दिवशी पोहोचली होती.

बाबासाहेबांनी कळांचा हिशोब मांडला होता

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कारखान्यातल्या स्त्री कामगारांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. हा भार खरे तर सरकारने उचलावा, पण तोपर्यंत जो मालक त्या बाईच्या श्रमावर नफा कमावतो त्याने तो सोसावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये हा कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदाही सुधारला.

त्याहून महत्त्वाचे आहे ते १० नोव्हेंबर १९३८ चे भाषण. संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आला तेव्हा बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी मांडले. त्यात एक विचार असा आहे की बाळंतपणाच्या कळा जर पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर त्यांच्यातला एकही आयुष्यात एकाहून जास्त मूल होऊ द्यायला तयार झाला नसता. ठराव फेटाळला गेला. पण १९३८ मध्ये, भर सभागृहात, पुरुषांसमोर, बाईच्या कळा हा धोरणाचा मुद्दा म्हणून मांडणारे किती पुढारी होते? ज्या माणसाने आणि रमाईने पाचपैकी चार लेकरे गमावली होती, त्याला बाळंतपण ही खासगी बाब नाही, राजकीय बाब आहे हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

धम्माची दिशाही हीच आहे. माणसाच्या जीवनात दुःख आहे हे ओळखणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया असल्याचे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सांगितले आहे. मज्झिम निकायातल्या अंगुलिमालाच्या सुत्तात एक प्रसंग आहे. भिक्खू झालेल्या अंगुलिमालाला श्रावस्तीत एक अडलेली बाई दिसते. तो कळवळून तथागतांना येऊन सांगतो. तथागत 'तिचे पूर्वकर्म' म्हणून विषय संपवत नाहीत. ते त्याला परत तिच्याकडे पाठवतात. सत्यवचनाने ती सुटली हा कथेतला भाग बाजूला ठेवा, मंत्राने बाळंतपण होत नाही. त्यातली कृती लक्षात घ्या. दुसऱ्याचे दुखणे दिसले तर परत जा आणि मदत कर.

आजची लेबर रूम

२००५-०६ मध्ये देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणे ३८.७ टक्के होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती ८८.६ टक्के झाली. आशाताई, नर्स, गाडीवाले, सगळ्यांच्या कष्टांचे हे फळ आहे आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत. मुक्ताने सांगितलेले छप्पर अखेर मिळाले. पण छपराखाली काय घडते?

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तेथल्या बायका सांगतात ते जवळपास सारखेच असते. सोबत कुणाला येऊ दिले नाही. ओरडले तर मांडीवर चापट बसली. "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?" टाके घालताना बधिर करण्याचे इंजेक्शन दिले नाही, किंवा दिले आणि त्याचा परिणाम व्हायच्या आतच सुई चालवली. कधी वस्तीचे नाव, कधी आडनाव ऐकून आवाज बदलला. "तुमच्यात सवय असते" हे वाक्यही त्यात येते. माँटगोमेरीतला समज मराठीतही बोलतो, असे आम्हाला तेव्हा वाटते. एकाच वेळी सहा बायका सांभाळणारी सिस्टरही भरडली जातेच आणि तीही अनेकदा आपल्यातलीच असते. म्हणून राग एका व्यक्तीवर काढून उपयोग नाही, व्यवस्थेला जाब विचारला पाहिजे.

दुसऱ्या टोकाला त्याच पाहणीत खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारीत १४.३ टक्के. म्हणजे पैसे असलेल्या बाईला एपिड्युरल नाहीतर सुरी, पैसे नसलेल्या बाईला ओरडा. 'कळा सहन होणार नाहीत' या भीतीने कर्ज काढून पोट फाडून घेणारी कुटुंबे आम्ही पाहतो. वेदनाशमन मिळत नसल्याची किंमत अशीही मोजावी लागते.

पर्याय नाहीत असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत, निरोगी बाईने वेदनाशमन मागितले तर एपिड्युरल किंवा अफूवर्गीय इंजेक्शन द्यावे असे म्हटले आहे. श्वासाची तंत्रे, चोळणे, शेक हेही त्यात आहे आणि बाईच्या पसंतीचे माणूस सोबत असावे हेही. एपिड्युरलने हल्ली सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही असे अभ्यास सांगतात. रक्तदाब उतरणे, शेवटचा टप्पा लांबणे, क्वचित डोकेदुखी हे त्रास होऊ शकतात, म्हणून भूलतज्ज्ञ आणि देखरेख हवी. इंजेक्शनने आराम मध्यम मिळतो आणि बाळ सुस्त होऊ शकते. नायट्रस ऑक्साइड वेदना पूर्ण घालवत नाही, पण लगेच चढते, लगेच उतरते आणि नियंत्रण बाईच्या हातात राहते. सोबतीच्या माणसाला तर पैसाही लागत नाही, आणि सोबत असली की बाळंतपण लवकर होते, सिझेरियन कमी होतात, हे सिद्ध झाले आहे.

'ही काय चळवळीची मागणी झाली?'

असे आपलेच काही मित्र म्हणतील. अत्याचार, आरक्षण, जमीन, शिष्यवृत्ती इतके प्रश्न असताना बायकांच्या कळा कुठे घेऊन बसता? त्यांना आम्ही महाडची आठवण देतो. चवदार तळ्यावर आपण केवळ तहान भागवायला गेलो नव्हतो, समतेची नोंद करायला गेलो होतो, हे बाबासाहेबांनीच स्पष्ट केले होते. टाके घालण्याआधी बधिर करणारी सुई मिळणे हाही केवळ औषधाचा प्रश्न नाही. समोरची बाई आपल्यासारखीच माणूस आहे, तिला आपल्यासारखेच दुखते, याची ती नोंद आहे.

'आधी जीव वाचू द्या, वेदनेचे नंतर बघू' हा दुसरा आक्षेप. जीव वाचवणे पहिलेच आहे, यात वाद नाही. पण मार खाल्लेली, झिडकारलेली बाई दुसऱ्या वेळी दवाखान्यात जायचे टाळते. सन्मान आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या रांगा नाहीत.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात जा, रुग्ण कल्याण समितीची बैठक कधी असते ते विचारा आणि तेथे बसा. २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'लक्ष्य' ही लेबर रूम सुधारण्याची योजना आणली, तिच्यात सोबतीण, खासगीपणा आणि सन्मानाची वागणूक आहे. ती तुमच्या दवाखान्यात भिंतीवर आहे की प्रत्यक्षात, ते तपासा. बधिर केल्याशिवाय टाका नाही, ही मागणी उद्याच पूर्ण होऊ शकते, कारण लिग्नोकेन प्रत्येक दवाखान्याच्या आवाक्यात आहे. २०१८ मध्ये सरकारने मिडवाइफ परिचारिका तयार करण्याचे धोरण जाहीर केले. त्या परिचारिका तालुक्याला कधी येणार आणि त्यांच्या हाती नायट्रस ऑक्साइड कधी देणार, हे विचारा. जिल्हा रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि मागेल तिला एपिड्युरल, ही मागणी जाहीरनाम्यात घाला. महिला मंडळाच्या बैठकीत बायकांना बोलू द्या, त्यांचे अनुभव लिहून काढा. १९१५ मध्ये कामगार बायकांच्या पत्रांनी जे केले ते आपल्या मायबहिणींचे शब्दही करू शकतात. आणि पुरुष कार्यकर्त्यांनो, त्या बैठकीत बोलू नका, ऐका.

मुक्ता साळवेने विचारले होते की बाळंतिणीच्या औषधाला पैसे कुठून आणायचे आणि तुमच्यातला कोणता वैद्य फुकट औषध देतो. आज संविधानाने चालणाऱ्या राज्यात तो वैद्य सरकार आहे, आणि औषध फुकट नाही, आपल्या कराच्या पैशाचे आहे. ते मागून घेऊ या.

जय भीम!